डॉलरला भोक पाडून सव्वा डॉलर कसा करावा

आपल्या ताब्यात समुद्रापलीकडची एखादी वसाहत असेल, तिथे नाण्यांचा दुष्काळ असेल आणि मायदेशीचे सरकार आपली नाणी पाठवायला राजी नसेल, तर वाचकहो, मुळीच खचून जाऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीचे गव्हर्नर लॅकलन मॅक्वॉरी यांनी ही अडचण १८१३ साली दूर केली, आणि त्यांची रीत होतकरू राज्यकर्त्याने गिरवण्याजोगी आहे.

आरंभी काही वर्षे रमलाच चलन म्हणून चालू द्यावे. हे चलन लोकांना किती प्रिय असते ते पाहायचे असेल, तर रमच्या व्यापाराला आळा घालू पाहणारे मॅक्वॉरींच्या आधीचे गव्हर्नर ब्लाय यांना १८०८ साली त्यांच्याच सैन्याने कैद केले, हे आठवावे. त्यानंतर चांदी मागवावी. ती आपल्याच राजाची हवी असा हट्ट धरू नये. सिडनीला १८१२ च्या नोव्हेंबरात ‘समरंग’ जहाजातून आलेले चाळीस हजार डॉलर स्पॅनिश होते आणि ते आले होते आपल्या मद्रासहून. किंमत दहा हजार पौंड, म्हणजे नगाला पाच शिलिंग.

आता खरी मेख अशी, की जहाजातून आलेली चांदी जहाजातूनच परत जाते. व्यापारी कप्तान माल उतरवतो, डॉलर गोणीत भरतो आणि शिडे उभारतो. म्हणून नाण्याच्या मधोमध भोक पाडावे. कड्याला पाच शिलिंग म्हणावे, निघालेल्या चकतीला पंधरा पेन्स, म्हणजे सव्वा शिलिंग, म्हणावे, आणि पाच शिलिंगांचे सव्वासहा शिलिंग झाले की त्याला नफा न म्हणता लोकांची सोय म्हणावे. (आपल्याकडच्या १९४३ च्या भोकाच्या पैशाशी याची गल्लत करू नये, तिथे सरकारने मधला धातू वाचवला, इथे तो वेगळा खपवला.)

या कामासाठी कारागीर निवडताना चारित्र्याचा दाखला मागू नये. मॅक्वॉरींनी विल्यम हेन्शल यांना नेमले, जे खोटी नाणी पाडल्याबद्दलच इंग्लंडातून हद्दपार होऊन आले होते. अनुभवी माणूस घरबसल्या मिळाला. काम मात्र सावकाश चालते. नाण्यावर साल १८१३ चे असले तरी ती बाजारात यायला १८१४ उजाडले. एकूण ३९,९१० कडी तयार झाली. एखादे कडे हातात घेऊन पाहावे: बाहेरच्या काठावर स्पेनच्या राजाचे लॅटिन नाव शाबूत, आतल्या काठाला वसाहतीचे नाव गोलाकार ठोकलेले, आणि मधला चेहरा बेपत्ता. चौथ्या कार्लोसचे सिंहासन १८०८ सालीच गेले होते, तेव्हा त्यांची तक्रार येण्याचा संभव नव्हता. उलट बाजूला, ‘पाच शिलिंग’ या अक्षरांखालच्या डहाळ्यांत काही नाण्यांवर एक चिमुकला ‘एच’ सापडतो. नाणेचोराला आपल्या कामावर उघड सही करण्याचे भाग्य एरवी कुठे लाभते?

ठसे भरपूर आणि मोठे मारावेत. बँक ऑफ इंग्लंडने १७९७ साली स्पॅनिश डॉलरवरच्या राजाच्या मानेवर इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचे एवढेसे डोके ठोकले, आणि लोकांनी तोच ठसा घरी बनवून घेतला. शेवटी १८०४ साली सबंध नाणेच नव्याने छापावे लागले. नाणे रयतेच्या हाती कापायला तर देऊच नये. वेस्ट इंडीजच्या बेटांवर डॉलरचे चतकोर करून वापरीत, आणि हिशेबी मंडळी एका डॉलरचे पाच चतकोर काढीत. असली हुशारी फक्त सरकारला शोभते. म्हणून नक्कल करणाऱ्याला सात वर्षे कैद लावावी, वितळवणाऱ्यालाही तेवढीच.

१८२२ पासून ही नाणी परत घ्यायला लागावे, १८२९ साली ती रद्द करावीत आणि गोळा झालेली बहुतेक स्वतःच वितळवावीत. मात्र दोन-चार कडी खिशात विसरून जावीत. आज जेमतेम तीनशे उरली आहेत आणि लिलावात त्यांना लाखो ऑस्ट्रेलियन डॉलर मोजतात, तेही बिनभोकाचे.