मुलाच्या पाठीवर वळ दिसल्यास

वसतिगृहात ठेवलेले मूल सणासाठी घरी आल्यावर पालकांनी घ्यावयाची पहिली खबरदारी म्हणजे त्याला आपल्या हाताने आंघोळ घालू नये. आमच्या शेजारच्या आजींनी ही चूक केली. नरकचतुर्दशीच्या पहाटे नातवाच्या पाठीला तेल लावताना त्यांचा हात थांबला, त्यांनी दिवा जवळ घेतला आणि मग परड्यातून मला हाक मारली. मी निवृत्त मास्तर असल्यामुळे गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडेच येतात. पुढच्या पंधरा दिवसांत चार कार्यालयांचे जिने आणि तीन साहेबांच्या जेवणाच्या वेळा मला तोंडपाठ झाल्या. एवढे ज्ञान एकट्याने बाळगणे बरे नव्हे, म्हणून वाचकांच्या हितासाठी या सूचना.

तक्रारीला जाण्यापूर्वी मुलाला वसतिगृहात ठेवलेच का, याचे उत्तर तयार ठेवावे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगल भागात पावसाळ्यात बसचा भरवसा नसतो, वरच्या वर्गांची शाळा लांब आहे आणि बाप गोव्यात कामाला आहे, हे उत्तर चालत नाही. ते साहेबांना आधीपासूनच ठाऊक असते.

मदतीसाठी १०९८ हा क्रमांक मुलाकडून पाठ करून घ्यावा. फोन वॉर्डनच्या खिशात असतो.

कार्यालयात पहिला प्रश्न ‘पोक्सो आहे का?’, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचे प्रकरण आहे का, असा येतो. नाही म्हटल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, ती पाहून आपणही हायसे वाटून घ्यावे. ‘म्हणजे नुसता मारच ना, मास्तर?’ २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमात संस्थेच्या कर्मचाऱ्याने मुलाशी क्रूरपणे वागल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे, पण हे कलम तिथे वाचून दाखवू नये. साहेबांना वाईट वाटते.

वसतिगृह कोणत्या खात्याचे, याचा शोध आपणच लावावा. समाजकल्याणवाले मागासवर्ग कल्याणकडे पाठवतील, ते शिक्षण खात्याकडे आणि शिक्षण खाते महिला व बालकल्याणकडे. वाचक स्वतः संस्थाचालक असतील, तर त्यांनी फलकावर ‘बालगृह’ न लिहिता ‘वसतिगृह’ लिहावे. मग आत राहणारी मुले आईबापांविना असली तरी त्याच बाल न्याय कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली नोंदणी केली आहे का, हे विचारायला सहसा कोणी येत नाही. संस्था सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगडच्या बाजूला असेल तर आणखी सोय होते, कारण तिकडचे बेळगावला पाठवतात आणि इकडचे कोल्हापूरला.

आता भाषेविषयी. मराठी अर्ज बाजूला सारला जातो, म्हणून तो कन्नडमध्ये न्यावा. माझे कन्नडशी वैर नाही. याच जिल्ह्यात नोकरी केली, कार्यालयाची पत्रे कन्नडमध्येच लिहिली आणि हा अर्जही अखेर मीच कन्नडमध्ये लिहून दिला. पण मुलाने काय करावे? अकरा वर्षांचा, मराठी शाळेत शिकलेला, आधीच भेदरलेला मुलगा. त्याला कन्नडमध्ये विचारण्यात आले, तो गप्प राहिला. दुभाषी हवा असे मी म्हणालो, तेव्हा साहेबांनी कमालीच्या तत्परतेने एक फोन केला आणि अर्ध्या तासात दुभाषी हजर झाला. तो त्याच वसतिगृहाचा वॉर्डन होता! त्याने मुलाकडे पाहत मराठीत विचारले, ‘सांग रे, काय झालं पाठीला?’ मुलगा म्हणाला, ‘पडलो.’ एवढा एकच शब्द त्या दिवशी कन्नडमध्ये अचूक उतरला. लैंगिक अत्याचाराची तक्रार असती, तर पोक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे मुलाला समजणाऱ्या भाषेचा दुभाषी द्यावाच लागला असता आणि २०२० च्या नियमांप्रमाणे तो निःपक्षपातीही असावा लागला असता. नुसता मार खाल्लेल्याला वॉर्डन पुरतो. ज्या सीमाभागासाठी २००४ पासून महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे, ज्याच्यासाठी २०२२ च्या डिसेंबरात आठवड्याभराच्या आत बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधात कर्नाटकाच्या आणि नागपुरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तावातावाने ठराव केले, त्या भागातल्या एका पोराचे चार मराठी शब्द ऐकून घेणारा माणूस दोन्ही सरकारांकडे नाही. जमिनीच्या इंचाचे नकाशे आहेत, या पोराच्या पाठीचा पंचनामा नाही.

पाहणीची मात्र काळजी करू नये. ती होते, आणि संस्थेला आधी कळवून होते. त्या दिवशी चादरी बदलतात, शिरा होतो, आणि ‘काही त्रास आहे का?’ या प्रश्नावर मुले वॉर्डनकडे पाहत एका सुरात ‘नाही’ म्हणतात.

गल्लीतले काही शहाणे मला म्हणाले, ‘मास्तर, मार खाल्ल्याशिवाय पोरं वळणावर येत नाहीत.’ मीही छडी हातात धरलेली आहे, हे लपवत नाही. म्हणूनच छडीचा वळ कोणता आणि पट्ट्याच्या बकलाचा कोणता, हे मला ओळखता येते. त्या पाठीवर बकल होते. तुमच्या पोराच्या पाठीवर ते दिसले असते तर तुम्ही वळणाची गोष्ट काढली असती का?

आणि साहेब, संस्था खासगी आहे, आमचा संबंध नाही, असे तुम्ही म्हणालात. अनुदान कोणाच्या सहीने जाते? बिहारमधल्या मुजफ्फरपूरचे बालिकागृहही एक खासगी संस्थाच चालवत होती. २०१८ मध्ये तिथला प्रकार बाहेरच्या अभ्यासकांच्या अहवालामुळे पुढे आला, आणि २०२० मध्ये दोषी ठरलेल्या एकोणीस जणांत जिल्हा बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष आणि बाल संरक्षण अधिकारीही होता. म्हणजे ज्यांच्याकडे तक्रार करायची तेच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहीत असूनही पोलिसांना न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. ते पोक्सोचे प्रकरण होते, हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो. पण माहीत असून गप्प बसणाऱ्याला तिथे गुन्हेगार म्हणतात आणि इथे त्याला बढती मिळते, याची तुम्हाला लाज वाटत नाही?

बालगृहांसाठी बाल न्याय कायद्याच्या ५४ व्या कलमात किमान तीन जणांची पाहणी समिती सांगितली आहे, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर, तीन महिन्यांतून किमान एक भेट, आठवड्यात अहवाल आणि महिन्याभरात कारवाई. फलक काहीही असो, तिथे जा. फोन न करता, रात्री जेवणानंतर जा. वॉर्डनला फाटकाबाहेर उभा करा, डॉक्टरला मुलांचे सदरे काढून पाठी पाहू द्या, आणि विचारायचे ते त्यांच्या भाषेत विचारा. एवढ्यासाठी तुम्हाला पगार मिळतो.

अर्जाचा आवक क्रमांक माझ्या खिशात आहे. सोमवारी साडेदहाला मी पुन्हा येत आहे. आजीही सोबत येतील, आणि त्या मराठीतच बोलतील.