कालवातली बुरशी कुणाच्या मालकीची?

शिंपल्या-कालवांमध्ये राहणाऱ्या बुरशीत जिवाणू मारणारं काही सापडतं का, ते शोधणं हे माझं इथलं, युरोपातलं काम. भारतातल्या मित्रांशी बोलताना विषय हमखास एकाच वळणावर जातो: आपली जैवसंपत्ती परदेशी लोक पळवतात. भीती खोटी नाही. अमेरिकेने दिलेलं हळदीचं पेटंट भारताला भांडून १९९७ मध्ये रद्द करून घ्यावं लागलं. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार तर परदेशी माणसालाच काय, माझ्यासारख्या अनिवासी भारतीयालाही तिथला नमुना संशोधनासाठी घ्यायला आधी परवानगी लागते. लागायलाच हवी.

पण त्या नमुन्यात पळवण्याजोगं असतं किती? कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं. त्याच्या मांसातून उगवलेली बुरशी तिथे नांदत होती की पाण्याबरोबर नुसतीच आली होती, हेच आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. तिला वाढवायच्या बशीत आम्ही अँटिबायोटिक घालतो, नाहीतर जिवाणूच सगळी जागा बळकावतात. (अँटिबायोटिक शोधायला अँटिबायोटिक!) मग अर्क काढायचा, कागदाची चकती त्यात भिजवून जिवाणूंच्या थरावर ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसलं, म्हणजे तिथे जिवाणू वाढले नाहीत, की सगळे खूश. रेणूंच्या वजनावरून द्रव्य ओळखणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, तो आनंद बहुधा टिकू देत नाही: द्रव्य जुनंच, कुणीतरी कधीच नोंदवलेलं.

इटालियन संशोधक जुझेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर, सांडपाणी समुद्राला मिळतं तिथून एक बुरशी मिळवली. तिच्यातलं द्रव्य शुद्ध करायची सोय त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच ती ऑक्सफर्डला पाठवली. सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक्स त्यातून आली, पेटंटं मात्र ब्रिटनकडे गेली. चोरी कुणीच केली नव्हती.

आणि औषध बाजारात आलं म्हणजे घबाड हाती लागलं, असंही नाही. अकाओजेन कंपनीच्या अँटिबायोटिकला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

म्हणून माझं मत असं: परवानगी राहू द्या, पण नमुना बाहेर जाऊ देताना दोन अटी घाला. बुरशीचा एक वाण भारतातल्या संग्रहात जिवंत राहिला पाहिजे, आणि द्रव्य शुद्ध करण्याच्या कामात तिथला विद्यार्थी पहिल्या दिवसापासून असला पाहिजे. कागदपत्रांची आणखी एक फाईल वाढवण्यापेक्षा यावर भांडलेलं मला आवडेल.