बोटीसाठी बंद केलेली लाइन

‘ब्लॅकआउट’ ही जर्मन मालिका बघून आज ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘काहीही दाखवतात राव! अख्खा युरोप अंधारात? जर्मनीत असं होत नसतं.’ त्याखाली अंगठ्यांची रांग, आणि त्यात इलेक्ट्रिकलची डिग्री घेतलेले लोकही. तिथे एका ओळीत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

मालिका २०२१ची, सहा भागांची. मार्क एल्सबर्गच्या २०१२च्या कादंबरीवर बेतलेली. मोरिट्झ ब्लाइबट्रॉय त्यात जुना हॅकर झालाय. पोलीस त्याच्याच मागे लागतात, हे ताणलेलं आहे, मान्य. पण ज्या गोष्टीला तुम्ही थाप म्हणताय, ती जर्मनीतच घडून गेली आहे आणि तेव्हा हॅकर वगैरे कुणी नव्हता. होती फक्त एक बोट.

४ नोव्हेंबर २००६, शनिवारची रात्र. जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या गोदीत बांधलेली ‘नॉर्वेजियन पर्ल’ ही मोठी प्रवासी बोट एम्स नदीतून समुद्राकडे न्यायची होती. नदीवरून ३८० किलोव्होल्टची विजेची दुहेरी लाइन जाते, बोट उंच, म्हणून ती जाईपर्यंत लाइन बंद ठेवायची. असं आधीही केलेलं होतं. या वेळी ठरलेली वेळ तीन तास अलीकडे ओढली आणि शेजारच्या ग्रिडवाल्यांना (ग्रिड म्हणजे विजेच्या लाइनींचं जोडलेलं जाळं) ते उशिरा कळलं. आणखी एक लाइन गेली तर बाकीच्या भार पेलतील का, हे नव्याने मोजायला हवं होतं. ते अंदाजावर सोडलं. ९ वाजून ३८ मिनिटांनी लाइन बंद झाली. तिच्यातली वीज दुसऱ्या वाटांनी वाहू लागली आणि लांडेसबेर्गन–वेहरेनडोर्फ लाइनवर ताण आला. त्या लाइनच्या दोन टोकांना दोन वेगळ्या कंपन्या. एका टोकाच्या रिलेची (करंट फार वाढला की लाइन तोडणारं यंत्र) मर्यादा ३००० अँपिअर, दुसऱ्याची २१००, आणि पहिल्याला दुसऱ्याचा आकडा नीट ठाऊक नाही! ताण उतरवायला पहिल्या कंपनीने सबस्टेशनमधले दोन बसबार, म्हणजे लाइनी जिथे येऊन जुळतात त्या जाड पट्ट्या, एकमेकांना जोडले. करंट ८० अँपिअरने उतरेल असा हिशेब होता, तो ६७ने चढला. लाइन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. मग तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची. अर्ध्या मिनिटाच्या आत युरोपच्या ग्रिडचे तीन तुकडे झाले आणि दीड कोटी घरं अंधारात गेली, पार स्पेन-पोर्तुगालपर्यंत.

आता सांगा, मालिकेत नेमकं काय ‘काहीही’ आहे?

‘दुरून मीटर बंद करून वीज कशी तोडणार?’ हा ग्रुपवरचा मुद्दा राहिला. गोष्टीत स्मार्ट मीटरमधून घुसून घरांची वीज तोडतात. इटलीत ही सोय खरोखर आहे. २००१पासून कोट्यवधी मीटर बसले आणि ते दुरून बंद करता येतात. जर्मनीत बहुतेक मीटरना तसा स्विचच नाही. म्हणजे तिथे ही युक्ती चालणार नाही, हे तुमचं बरोबर. घ्या.

पण त्यावर ‘मीटर बंद केले तर वीज उरेल, ग्रिड कशाला पडेल?’ असं विचारणाऱ्याला मात्र हात जोडतो. अरे, उरलेली वीज ठेवणार कुठे? फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० हर्ट्झला धरून ठेवायची असते. भार, म्हणजे मागणी, वाढला की ती उतरते, ४९वर आपोआप लोडशेडिंग सुरू होतं, ४७.५वर पॉवर स्टेशनं स्वतःला वाचवायला ग्रिड सोडतात. भार अचानक गेला तर ती चढते आणि तेही तितकंच घातक. बोटीच्या त्या रात्री पश्चिमेकडच्या तुकड्यात ९००० मेगावॉटच्या आसपास तूट होती, फ्रिक्वेन्सी ४९वर आली. ईशान्येच्या तुकड्यात वीज जास्त झाली आणि तीच फ्रिक्वेन्सी ५१.४पर्यंत गेली. एकाच रात्री, एकाच बोटीमुळे, दोन्ही.

मालिकेत वीज दिवसेंदिवस येत नाही. त्यावरच्या, सगळ्यात जास्त राग मला ‘इतके दिवस वीज येत नाही म्हणजे इंजिनियर झोपलेत का’ या वाक्याचा आला. ग्रिड उभं करणं म्हणजे घरातला मेन स्विच वर करणं नव्हे हो. औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या चालवायलाच आधी वीज लागते. म्हणून सुरुवात जलविद्युत केंद्रापासून. डिझेल जनरेटरवर किंवा बॅटरीवर झडपा उघडायच्या, एक टर्बाइन फिरवायचं, एका लाइनमध्ये वीज सोडायची. रिकाम्या लांब लाइनच्या टोकाला व्होल्टेज फुगतं, ते रिअॅक्टरने (अणुभट्टी नव्हे, जादा व्होल्टेज दाबणारी मोठी कॉइल) दाबायचं. मग थोडा भार घ्यायचा. थोडाच! कारण तासन्‌तास बंद असलेले फ्रीज, हीटर, पंप एकदम सुरू होतात आणि त्या भागाची मागणी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघते. घाई केली की फ्रिक्वेन्सी कोसळते आणि पुन्हा शून्यापासून. असे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी उभे करायचे, आणि दोन तुकडे जोडताना फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज आणि फेज अँगल (दोन्हीकडच्या विजेच्या लाटा एकाच वेळी चढतात-उतरतात का) तिन्ही जुळल्याशिवाय ब्रेकर, म्हणजे जोडणारा स्विच, लावायचा नाही.

२८ एप्रिल २०२५ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेलं. व्होल्टेज चढत गेलं, चढल्यामुळे वीजकेंद्रं ग्रिडमधून सुटत गेली, सुटल्यामुळे ते आणखी चढलं. कुठलाही व्हायरस नव्हता, फ्रान्स आणि मोरोक्कोकडून वीज मिळत होती, पोर्तुगालकडे सुरुवात करायला कास्तेलो द बोदसारखं धरण होतं. तरी स्पेनचं ग्रिड पुन्हा पूर्ण उभं राहायला दुसऱ्या दिवशीची पहाट झाली. मालिकेत तर कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसणारा आकडा खरा की खोटा हेच कळत नाही. मग दिवस लागणारच ना?

आणि ‘वीज गेली तर गायींना काय होणार?’ म्हणून ग्रुपवर हसणाऱ्यांना एवढंच सांगतो. जर्मन संसदेच्या तंत्रज्ञान-परिणाम कार्यालयाने २०११मध्ये याच विषयावर अहवाल दिला, त्यात पाणी, दवाखाने, डिझेल यांच्या जोडीने गोठेसुद्धा आहेत. शंभर गायींचं दूध यंत्रावर काढणाऱ्या घरात दोन माणसं असतात. यंत्र बंद, सड तट्ट फुगलेले, गाय पाय आपटते, हंबरते. हाताने किती जनावरं पिळणार? दूध तुंबलं की कासेला सूज येते. २००५च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्याच म्युन्स्टरलांडमध्ये ओल्या बर्फाने विजेचे मनोरे वाकले, काही गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली, तिथल्या शेतकऱ्यांना विचारा हसण्यासारखं काय आहे ते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण सारखी बोटीची तीच रात्र आठवतेय. दहा वाजून दहा मिनिटांनी तीन तुकडे झाले होते. कुणाकडेच पूर्ण चित्र नव्हतं, शेजारच्या तुकड्यात काय चाललंय ते फोनवर विचारायचं. एकीकडे फ्रिक्वेन्सी वर ओढायची, दुसरीकडे खाली. जोडायचे पहिले प्रयत्न फसले. तरी ३८ मिनिटांत त्या लोकांनी युरोप पुन्हा जोडला, दोन तासांच्या आत घराघरांत वीज होती. त्या कंट्रोल रूममधल्या माणसांवर कुणी सहा भाग काढले तर मी एका बैठकीत बघेन.