यादी वाढली म्हणजे पक्षी वाढले?

सध्या एक मजकूर गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. देवस्थानाचा गट असो, सोसायटीचा असो वा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, तो सगळीकडे पोचला आहे. त्याचा सारांश असा: गोव्यातल्या पक्ष्यांच्या जातींचा आकडा दरवर्षी वाढतो आहे, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर कुणीही तपासावं. जंगलात नवनव्या जाती सापडताहेत. मोर तर परसात येऊन नाचतात. हवामान बदललंच, तर जनावरं घाट चढून वर जातील, निसर्ग आपली सोय बघतो. आणि शास्त्रज्ञ 2050 सालचे जे रंगीत नकाशे दाखवतात, ते संगणकावरचं ज्योतिष. तेव्हा हवामान बदलाची दुकानदारी बंद करा.

लिहिणारा हुशार आहे. त्याची पहिली तीन विधानं माहिती म्हणून खरी आहेत, म्हणूनच शिकलेली माणसंही ती पुढे ढकलताहेत. घोळ आहे तो त्यांतून काढलेल्या निष्कर्षात.

सुरुवात ईबर्डच्या आकड्यापासून. राज्याची पक्षीयादी ही देवळातल्या देणगीदारांच्या पाटीसारखी असते. एकदा नाव लागलं की माणूस गेला तरी नाव राहतं. एखादा पक्षी वीस वर्षांत कुणालाही दिसला नाही, तरी यादीतून तो वजा होत नाही. असा आकडा सहसा खाली येतच नाही, मग तो वर गेला याचं कौतुक कशाला?

तो वर का जातो, हेही पाहू. ईबर्ड 2002 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ऑडुबॉन संस्थेबरोबर सुरू केलं. भारतात त्याने जोर धरला तो गेल्या दहा-बारा वर्षांत. त्याआधी गोव्यात हाइन्झ लाइनर यांच्यासारखे मोजके लोक वर्षानुवर्षं वहीत नोंदी करत होते. आज लांब भिंगाचे कॅमेरे आणि फोन घेतलेली माणसं दर रविवारी तांबडी सुर्ल्याला, बोंडल्याला, मोरजीच्या नदीमुखाशी दिसतात. डोळे वाढले की दुर्मीळ पाहुणा नजरेतून सुटत नाही. त्यात पावसाळी वादळांची भर: खोल समुद्रात राहणारे पक्षी वाऱ्याने फेकले जाऊन किनाऱ्यावर अर्धमेले सापडतात, आणि राज्याच्या यादीत एक जात वाढते. वादळाने फेकलेला पक्षी हा निसर्ग सुखात असल्याचा पुरावा ठरावा, ही तर कमालच. गंमत म्हणजे ईबर्डच्या ज्या पानावर जातींचा आकडा असतो, त्याच पानावर एकूण किती चेकलिस्ट, म्हणजे एकेका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या, जमा झाल्या तेही लिहिलेलं असतं. मजकुरात पहिला आकडा आला, दुसरा गळला.

मग या नोंदींतून खरं काही कळतं की नाही? कळतं, पण जातींच्या बेरजेतून नव्हे. करमळीच्या तळ्याकाठची एक चेकलिस्ट घ्या. सुरुवात सकाळी पावणेसात, वेळ पन्नास मिनिटं, चाललेलं अंतर सुमारे एक किलोमीटर, माणसं दोन. मग पक्षी आणि त्यांची संख्या: अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, ढोकरी, खंड्या. शेवटी ॲप एक साधा प्रश्न विचारतं: ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची नोंद केलीत का? या 'होय'ला फार मोल आहे. त्यामुळे यादीत जो पक्षी नाही, तो न आढळल्याचीही नोंद होते. मग शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत नीलपंख आहे, असं प्रमाण काढता येतं. निरीक्षक दहाचे हजार झाले, तरी हे प्रमाण नुसत्या गर्दीने फुगत नाही.

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा 2023 सालचा अहवाल याच रीतीने केलेला आहे. तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी, 942 जाती. त्यांपैकी 338 जातींसाठी दीर्घकाळचा कल सांगण्याइतकी माहिती होती आणि त्यांतल्या 60 टक्के जाती घटलेल्या निघाल्या. नीलपंख त्यांतलाच. मजकूर ज्या ईबर्डची साक्ष काढतो, त्याच ईबर्डच्या नोंदी आहेत या. साक्षीदार एकच, फक्त त्याला प्रश्न नीट विचारला.

या नोंदींतही भोकं आहेत, आणि गोव्यापुरती ती मोठी आहेत. बहुतेक याद्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या, किनारपट्टीवरच्या, नाहीतर मोटार जाते तिथल्या. ऑगस्टात नेत्रावळीच्या रानात जळवा झटकत पक्षी मोजायला कोण जातो? ईबर्डच्या नकाशावर तो चौकोन कोरा दिसतो, आणि कोऱ्याचा अर्थ 'तिथे काही नाही' असा लावायची आपल्याला खोड आहे. म्हादईच्या अभयारण्यात वाघ राहत नाहीत, ते नुसते ये-जा करतात, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जात होतं. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषप्रयोगाने. ये-जा करणारी वाघीण तीन पोरांचा संसार घेऊन फिरत नसते.

नव्या जातींचा मुद्दा पटकन निपटतो. गोव्याच्या नावाचं देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा उभयचर), गेगेनिओफिस गोएन्सिस, याचं वर्णन 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. इडिओनिक्स गोमंतकेन्सिस हा चतुर 2013 मध्ये, आणि इथल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवरचा 'गोयंची' हे नाव मिळालेला बेडूक 2018 मध्ये. यांतलं कुणीही त्या त्या वर्षी गोव्यात राहायला आलं नाही. देवगांडुळांचं कूळ तर कदंबांच्या काय, सह्याद्रीच्याही आधीचं. ती तारीख आहे विजेरी घेऊन पावसात पोचलेल्या संशोधकाची. आणि सड्यावरच्या बेडकाला नाव मिळालं ते त्याच काळात, जेव्हा खाणी, वसाहती आणि विमानतळ यांसाठी सडेच कापले जात होते.

आता मोर. इथे मजकूर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. मोर वाढलेत, यात वाद नाही; वरच्या अहवालातही तो वाढत्या पक्ष्यांत आहे. पण मोर मुळात कोरड्या झुडपी माळाचा आणि शेताकडेचा पक्षी. तो दमट मुलखात पाय पसरू लागला, तर प्रश्न पडायला हवा. केरळचं उदाहरण पाहा. सलीम अलींनी 1933 च्या सुमारास त्रावणकोर-कोचीनची पाहणी केली तेव्हा तिथे मोर आढळला नव्हता. आज तो तिथे ठिकठिकाणी आहे. केरळ कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी नोंदी आणि हवामानाची माहिती जुळवून 2020 मध्ये या पसरण्याचा संबंध बदलत्या हवामानाशी लावला. म्हणजे मजकूरकर्त्याने हवामान बदल खोटा ठरवायला जो पक्षी आणला, तो विरुद्ध बाजूचा साक्षीदार निघाला.

पण म्हणून 'मोर आले, आता वाळवंट येणार' हा जो दुसरा मजकूर फिरतो, तोही मला पटत नाही. गोव्यात मोर वाढण्याला आणखी कारणं असू शकतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिलं. पडीक शेतं वाढली, त्यांत झुडपं माजली, शेजारी भाजीचे वाफे आहेतच. डिचोलीतल्या ज्या शेतकऱ्याचे अळसांदे (चवळी) मोरांनी टिपून खाल्ले, त्याला पावसाच्या सरासरीपेक्षा शेजारच्या पडीक जमिनीचा जाच जास्त. 2016 मध्ये मोराला उपद्रवी ठरवण्याची भाषा सरकारातूनच झाली होती, ती उगाच नव्हे. हवामानाचा वाटा किती आणि पडीक जमिनीचा किती, हे सोडवायचं तर जिथे जमिनीचा वापर बदललेला नाही तिथेही मोर वाढलाय का, आणि कोरड्या मुलखातले इतर पक्षीही सोबत सरकलेत का, हे बघावं लागतं. तीच गोष्ट हत्तीची. सिंधुदुर्गातल्या तिळारीकडून गोव्यात पेडण्याला उतरलेल्या ओंकार हत्तीला उष्म्याने हाकललं असं सांगणारे महाभाग भेटले. कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात यायला लागले 2002 मध्ये. तिकडच्या तुटत गेलेल्या जंगलाची कहाणी पुरेशी आहे, तिला हवामानाचं शेपूट जोडायची गरज नाही.

'हवामान बदललंच तर घाट चढतील.' यातलं 'तर' आधी काढून टाकू. 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं, हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातल्या पाण्याचं 1951 ते 2015 मध्ये सुमारे 1 अंशाने. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालातले आकडे आहेत हे. आता घाट. जगभरातल्या अभ्यासांची मोट बांधून 2011 मध्ये जो सरासरी वेग निघाला, तो दर दशकाला ध्रुवांकडे सुमारे 17 किलोमीटर आणि डोंगरावर 11 मीटर. गोवा दक्षिणोत्तर शंभरेक किलोमीटर, आणि त्याची सर्वांत उंच शिखरं हजार मीटरच्या आसपास संपतात. निलगिरीसारखे दोन हजार मीटरच्या वरचे मजले इथे नाहीत. शिवाय ही सरासरी पंखवाल्यांची, पायवाल्यांची, सगळ्यांची मिळून आहे. मोपाच्या सड्यावरच्या डबक्यातला बेडूक चोर्ला घाटापर्यंत जाणार कसा? मध्ये महामार्ग आहे, डिचोलीच्या खाणींचे खड्डे आहेत. आणि वर पोचलाच, तरी तिथे त्याला हवा तसा सडा आणि तसं पाणी लागेल की नाही, हे कोण सांगणार?

समुद्रात तर घाटही नाही. तारल्यांचा (सार्डिन माशांचा) मुख्य मुलूख पूर्वी 8 ते 14 अंश उत्तर अक्षांशांदरम्यान, म्हणजे केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्याला. गोवा सुरू होतो तो 15 अंशांच्या जरा खाली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींनुसार 1989 नंतर 14 अंशांच्या उत्तरेलाही तारले वाढत्या प्रमाणात मिळू लागले, आणि संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध तापत्या पाण्याशी जोडला. आपल्या ताटात तारले वाढले, म्हणजे बरंच झालं की? पण केरळात 2012 मध्ये सुमारे चार लाख टन मिळालेला हाच मासा 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आला. सरकणारी जात नव्या जागी कायमचं बस्तान मांडते असं नाही. आणि जेट्टीवरच्या वजनालाही चेकलिस्टचाच रोग आहे: होड्या वाढल्या, अख्ख्या थव्याला वेढणारी पर्ससीन जाळी आली की मासळी वाढल्याचा भास होतो. म्हणून त्या संस्थेचे लोक नुसतं वजन टिपत नाहीत. होडी किती तास समुद्रात होती, तेही विचारतात.

राहिलं ज्योतिष. नकाशे बनतात ते असे. जात जिथे आढळली त्या जागा घ्यायच्या, त्या जागांचं तापमान आणि पाऊस पाहायचा, आणि तसंच हवामान आणखी कुठे आहे किंवा पुढे कुठे असेल ते शोधायचं. तयार झालेलं गणित तपासायला काही नोंदी आधीच बाजूला काढून ठेवतात आणि त्या जागा त्याला ओळखता येतात का, ते बघतात. असं आपलंच भाकीत उघडपणे तपासणारा ज्योतिषी मला अजून भेटायचाय.

या नकाशांना नावं ठेवायला जागा जरूर आहे, पण ती वेगळी. त्यांत वापरला जाणारा हवामानाचा एक लोकप्रिय संच 1970 ते 2000 च्या सरासरीवर बेतलेला, सुमारे एक किलोमीटरच्या चौकोनांचा असतो. वेधशाळांच्या मधल्या जागा त्यात हिशेबाने भरलेल्या असतात. कुळागरातल्या पोफळींखालचा गारवा त्या चौकोनात मावत नाही. त्याहून वाईट म्हणजे, सगळ्या नोंदी रस्त्याकडेच्या असतील तर त्या गणिताला वाटतं पक्ष्याला डांबर आवडतं. आणि नकाशावरचा हिरवा डाग म्हणजे 'इथे हा पक्षी असेल' असं नव्हे. इथलं हवामान त्याला चालेल, एवढंच तो डाग म्हणतो. मध्ये रान उरलंय का, खायला काही आहे का, हे त्याच्या हिशेबात घातलं तरच येतं.

आकडे नको असतील त्यांनी जरूर पावसाळ्यात सांगे-केप्याच्या आतल्या भागात जाऊन तासभर उभं राहावं आणि दिसलेलं सगळं नोंदवावं, अगदी काहीच दिसलं नाही तरी. त्या कोऱ्या चौकोनातली एक पूर्ण यादी मोरजीच्या किनाऱ्यावरच्या जानेवारीतल्या विसाव्या यादीपेक्षा कितीतरी उपयोगी पडेल, मग ती हवामान बदल न मानणाऱ्याने केलेली का असेना.