घुबडाची ओकारी आणि अनुसूची एक

माझा संशोधनाचा अर्ज वन विभागाकडून त्रुटीपत्रासह परत आला आहे. 'नमुने घेतल्यानंतर सदर वन्यप्राण्यास मूळ अधिवासात सुखरूप सोडण्यात येईल काय, याबाबत खुलासा करावा,' असे त्यात विचारले आहे. ज्या नमुन्यांबद्दल हा खुलासा हवा आहे, ते नमुने म्हणजे वन पिंगळा या छोट्या घुबडाने झाडावरून खाली टाकलेली ओकारी आहे.

पिंगळा सरडे आणि उंदीर गिळतो, मांस पचवतो आणि उरलेली हाडे, केस व खवले यांची आवळून केलेली गोळी तोंडावाटे बाहेर टाकतो. ती वाळली की आत उंदराचा इवलासा जबडा दातांसकट शाबूत मिळतो आणि असे जबडे तपासले की पक्षी काय खातो ते समजते. ही गोळी झाडाखालून उचलायची असते. पक्ष्याला हात लावावा लागत नाही, किंबहुना आपण वाकेपर्यंत तो दुसऱ्या सागावर जाऊन बसलेला असतो.

परंतु वन पिंगळा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. या कायद्याने शिकारीची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे: मारणे, पकडणे, सापळा लावणे, शरीराचा भाग काढून घेणे, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे, हे सारे तीत येते, आणि बंदूकवाल्यांच्या पळवाटा बुजवायच्या तर ते योग्यही आहे. परिणाम एवढाच की कलम १२ खाली संशोधकाला जो परवाना मिळतो, तो कायद्याच्या भाषेत शिकारीचाच परवाना असतो, आणि प्राणी अनुसूची एकमधला असेल तर त्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागते.

त्रुटीपत्र घेऊन मी संबंधित टेबलापाशी गेले, तेव्हा समोरच्या बाकावर वऱ्हाडातले एक वयस्कर शेतकरी मांडीवर कागदांची पिशवी घेऊन बसले होते. माझे काम त्यांच्यापेक्षा लहान आहे, असे मानून त्यांनी मला पुढे जाऊ दिले आणि मग शेवटपर्यंत त्या कामात मनापासून भाग घेतला.

टेबलामागचे लिपिक सज्जन आणि काटेकोर होते. त्यांनी अर्जावर पेन्सिल ठेवून विचारले, "मॅडम, या उलटीच्या गोळ्या घुबडाला कशातून देणार?"

मी गोळ्यांचा खुलासा केला. तो ऐकून काकांनी "उलटीची बी गोळी असते काय?" असे म्हटले आणि बाक पुढे ओढला.

"ठीक. रकाना सात, प्राण्यांची संख्या. तुम्ही शून्य लिहिलंय."

"कारण मी एकही पक्षी पकडणार नाही."

"शून्य प्राण्यांच्या परवानगीवर साहेब सही कशी करणार? आकडा लिहा."

"मग एक लिहू का?"

"एक लिहिलंत की अनुसूची एक लागली. फाइल दिल्लीला जाणार." पेन्सिल पुढे सरकली. "नर की मादी?"

"गोळीवरून ते सांगता येत नाही."

"बरं, गोळ्या किती?"

"जितक्या सापडतील तितक्या."

"असं चालत नाही. समजा पन्नास मंजूर झाल्या आणि एक्कावन्नावी सापडली, तर ती तिथेच ठेवून यायची."

यावर काकांनी पक्ष्याची बाजू मांडली. घुबडाने पन्नास टाकल्यावर थांबायचे असते, हे त्याला कोण सांगणार, असे त्यांचे म्हणणे होते. ते लिपिकांना पटले असावे, कारण त्यांनी तो रकाना सोडून मूळ प्रश्नालाच हात घातला: ही गोळी कायद्याने प्राण्याच्या शरीराचा भाग ठरते की नाही? ठरत नाही, आतली हाडे उंदराची असतात, असे मी उत्साहाने सांगितले.

"म्हणजे हा उंदराच्या शरीराचा भाग झाला." त्यांनी खणातून कायद्याचे झिजलेले पुस्तक काढले. "उंदीर पूर्वी अनुसूची पाचमध्ये होता, उपद्रवी प्राणी म्हणून. पण २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच निघाली. आता उंदराला कुठे बसवायचं?"

"बाई," काका म्हणाले, "माह्या वावरातली तूर डुकरायनं खाल्ली, त्याचा पंचनामा काई होत नाई. तलाठी येते तं वनरक्षक येत नाई, वनरक्षक येते तं कृषीवाला येत नाई. अन् तुमच्या उंदराचा मेल्यावर बी पंचनामा होऊन रायला."

उंदराचा प्रश्न घेऊन लिपिक साहेबांच्या दालनात गेले आणि मला विचार करायला बराच वेळ मिळाला.

या पिंगळ्याच्या बाबतीत कागदाने पूर्वीही घोळ घातला आहे. १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच ह्यूम यांनी, या पक्ष्याचे प्रथम वर्णन केले. १८८४ नंतर तो कोणाच्या हाती लागला नाही. अपवाद एकच, १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपण एक मिळवला असे सांगणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. हा नमुना त्यांनी ब्रिटिश संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती, हे १९९० च्या दशकात उघड झाले. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या जुन्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना भरदिवसा जिवंत वन पिंगळा दिसला. चोराची चिठ्ठी इतकी वर्षे बिनतक्रार खपली आणि माझ्या अर्जातले शून्य एक दुपारही खपले नाही, याचा मला राग आहे आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

परवान्याच्या विरोधात मी नाही. संशोधनाच्या नावाखाली पक्षी पकडून नेणारेही असू शकतात, आणि दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी घुबडे पकडून विकली जातात, हे तर सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती विकणारा या टेबलापाशी रकाना सात भरायला कधी येत नाही. इथे फक्त तीच माणसे येतात ज्यांना नियम पाळायचे आहेत, आणि म्हणून सगळे नियम त्यांच्याच वाट्याला येतात. दरम्यान प्रकल्पाचा निधी ३१ मार्चला परत जाईल, आणि पहिल्या पावसात गोळ्या विरघळून केस पालापाचोळ्यात मिसळतील. त्यानंतर परवाना आला, तर तो जोडायला माझ्याकडे काहीही नसेल. हे मी एकदा वरच्या अधिकाऱ्यांना सांगून पाहिले, तेव्हा त्यांनी 'पुढच्या हंगामात करा' असा सल्ला दिला. पिंगळ्याचा पुढचा हंगाम ठरलेला असतो, हंगामी संशोधन सहायकाचा नसतो.

लिपिक परत आले ते वरून अभिप्राय घेऊनच. उंदराबाबत विधी शाखेचे मत मागवावे, असे ठरले होते. मी कागद गोळा करू लागले, तेवढ्यात काकांनी पिशवी उघडली.

"बाई, एक इचारू? तुमी हाडं पाहून सांगता ना, कोनं काय खाल्लं ते?"

"हो."

"मंग माह्या वावरात डुकराच्या लेंड्या पडून हायेत. त्यात तुरीची टरफलं हायेत. तुमी तेवढं तपासून लेखी द्या. पंचनाम्याले पुरावा होते."

ही सूचना शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होती. मी होकार देणार, इतक्यात लिपिकांनी "थांबा, थांबा" म्हणत चष्मा लावला आणि रानडुक्कर कोणत्या अनुसूचीत आहे ते पाहायला पुस्तक पुन्हा उघडले.