विक्रोळीच्या ताईंना उत्तर: फोन बंद कोणी करायचा?

ताई, तुमची कमेंट रात्री वाचली आणि खरं सांगतो, आधी रागच आला. मग बायकोला वाचायला दिली तर ती म्हणते, बरोबरच बोलतायत त्या, तू तो लेख लिहीत बसला होतास तेव्हा धाकट्याच्या हातात काय होतं? फोन होता. माझाच जुना, काच तडकलेला.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी मागच्या लेखात लिहिलं होतं की जेवताना पोराला फोन देणं हा आईबापांचा आळस आहे. त्यावर ताई म्हणतात, त्या सकाळी आठच्या लोकलला लटकतात, घरी यायला साडेसात होतात, तोवर पोरगी सासूबाईंपाशी, सासूबाईंचे गुडघे गेलेले, चौथा मजला, लिफ्ट नाही आणि खाली रिडेव्हलपमेंटचे डंपर. फोन दिला की पोरगी निदान घरात बसते. मग पुढे, 'लॉकडाऊनमध्ये सगळे सांगत होते फोन घ्या नाहीतर शिक्षण बुडेल, आम्ही हप्त्यावर घेतला, आता तोच विष झाला का?' आणि शेवटी, 'तुम्ही पण टीव्ही बघूनच मोठे झालात ना?'

आळस हा शब्द मागे घेतो. लिहायलाच नको होता.

लॉकडाऊनचंही मान्य. मार्च 2020 ला बंद झालेल्या शाळा मुंबईतल्या पहिली ते सातवीच्या पोरांसाठी उघडल्या 15 डिसेंबर 2021 ला, आणि जानेवारीत परत काही दिवस बंद. पावणेदोन वर्षं फोन म्हणजेच शाळा होती. आणि अजून तरी कुठे सुटलोय, मोठीचा होमवर्क व्हॉट्सॲपवरच येतो, रात्री साडेनऊला मेसेज, उद्या चार्टपेपर आणा. मैदानाचं तर बोलूच नका, आमच्या सोसायटीत 'पार्किंगमध्ये खेळू नये' अशी पाटी आहे आणि पार्किंग सोडून दुसरी जागाच नाही.

पण टीव्हीच्या मुद्द्यावर मी भांडणार. मी परळच्या चाळीत वाढलो. आमच्या मजल्यावर टीव्ही एकाच बिऱ्हाडात, तो शटरवाला. रविवारी संध्याकाळी पिक्चर असला की पोरं उंबऱ्यापासून पार गॅलरीपर्यंत बसलेली. पिक्चर संपला की काकू उठायच्या, ते लाकडी शटर खर्रकन ओढायच्या आणि म्हणायच्या, झालं, पळा आता, घरी ताटं वाढलीत. आम्ही पळायचो. कोणी रडलं बिडलं नाही, कारण खरंच संपलेलं असायचं, दूरदर्शनकडे पुढे आमच्यासाठी दाखवायला काही नसायचंच.

फोनवरचं संपत नाही. एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा सुरू. बोटाने वर ढकलत राहायचं आणि तळच लागत नाही, हे स्क्रोलिंग 2006 साली अझा रास्किन नावाच्या माणसाने डिझाइन केलं आणि पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला. म्हणजे नळ बसवणाराच म्हणतोय की तोटी बसवायची राहिली.

परवा मी मुद्दाम धाकट्यासमोर बसून बघितलं. फोन वरणाच्या भांड्याला टेकवलेला, घास गालात, आणि पोरगं चावायचं विसरलेलं. जाहिरात आली की दोनदा चावतो, जाहिरात गेली की जबडा बंद. वरणाची साय धरली तरी अर्धी पोळी तशीच. मी फोन उचलला तर त्याने भांड्यालाच लाथ मारली, वरण भिंतीवर (डाग आहे अजून), आणि मग तासभर माझ्याशी बोलला नाही. काकूंनी शटर ओढलं म्हणून आम्ही काकूंवर कधी रुसलो नव्हतो.

हेच मला लेखात दिसलं नाही. बंद करायचं काम आधी वस्तूच करत होती, आता ते घरातल्या माणसाच्या गळ्यात आलंय, आणि घरातलं माणूस म्हणजे बहुतेक वेळा आई, तीही ऑफिसमधून दमून आलेली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको. मी तो आकडा लेखात टाकून मोकळा झालो. तासाने फोन ओढून घेणार कोण आणि लाथ कोण खाणार, ते लिहिलंच नाही.

सांगलीच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला, मग दीड तास गावात टीव्ही मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला. मला त्यात आवडलं ते हे की पोरांनी रुसायचं तर भोंग्यावर, आई सुटली. आमच्या बाबांची अख्खी नोकरी गिरणीच्या भोंग्यावर गेली, पण आता परळमध्ये भोंगा कोण वाजवणार, टॉवरवाले पोलिसात जातील.

म्हणून तुमच्या घरासाठी एकच सुचवतो, आवडलं तर बघा. सकाळी निघायच्या आधी दोनतीन कार्टून डाउनलोड करून ठेवा, ऑटोप्ले बंद करा, आणि सासूबाईंना ते विमानाचं चित्र (एअरप्लेन मोड, दाबलं की नेट बंद) दाखवून ठेवा, पोरीच्या हातात फोन देताना ते दाबायचं. कार्टून संपलं की संपलं, सासूबाईंना उठून ओढाताण करायला नको. फोन आला तर लागणार नाही, तेवढी अडचण आहे, तुमचा दुपारचा फोन शेजारी करावा लागेल.

आमच्याकडे हे आठ दिवस मस्त चाललं. नवव्या दिवशी मोठीने धाकट्याला ते विमान बंद कसं करायचं ते शिकवलं.