भरतीची घाई आणि नडगीचं हाड

अग्निवीरच्या ऑनलाइन परीक्षेचा निकाल लागला की सत्तरी, डिचोली, पेडण्यातली पोरं भल्या पहाटे डांबरी रस्त्यावर धावायला लागतात. गोव्याची भरती कोल्हापूरच्या कार्यालयाकडे, आणि रॅलीपर्यंत हातात जेमतेम काही आठवडे उरलेले. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर ६० गुण, दहा बीम (पुल-अप) मारले तर ४०. पोरं जीव तोडून धावतात. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यातली काही नडगी धरून आमच्याकडे येतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून हे सगळं पायाकडून पाहते.

दुखणं दोन तऱ्हेचं असतं. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुतेक वेळा धावणं कमी करून, पोटरीचे व्यायाम करून भागतं. पण एका बोटाने दाबल्यावर नेमक्या एका जागी पोरगं कळवळलं, आणि त्या पायावर उडी मार म्हटल्यावर नुसतं उभंच राहिलं, तर मी त्याच दिवशी धावणं बंद करायला सांगते. मग घरचे एक्स-रे पुढे करतात. "मॅडम, रिपोर्ट क्लिअर आहे, पट्टी बांधून नाही का चालायचं?" अशा दुखण्यात हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. आणि तिला किमान सहा ते आठ आठवडे विश्रांती लागते. म्हणजे रॅली गेली. त्या वेळी आईचा चेहरा बघवत नाही.

हे पोरगं कमजोर होतं असं कुणी म्हणालं की मला राग येतो. हाडावर भार वाढला की शरीर आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा, मजबूत भाग भरतं. काढण्याचं काम लवकर होतं, भरण्याचं सावकाश. मधल्या आठवड्यांत हाड उलट नाजूक असतं, आणि नेमकी तेव्हाच पोरं सर्वांत जोरात धावत असतात. त्यात पायात मोठ्या भावाचे जुने बूट, पुढे मोजा कोंबलेला, टाचेचा रबर बाहेरच्या बाजूने पार झिजलेला. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं हे दुखणं १८५५ मध्ये नोंदवून ठेवलं होतं. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक सैन्याच्या ट्रेनिंग सेंटरला ते ठाऊक आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की सैनिकाच्या शरीराला घाई चालत नाही. रायफल विकत घेता येते. एके-२०३ अमेठीत कोरव्याला तयार होते आहे, सहा लाखांहून जास्त रायफलींचा तो करार आहे, आणि ते चांगलंच झालं. पण हाड, फुप्फुस आणि रक्त करार करून लवकर मिळत नाही.

लष्कराने हा धडा फार महाग शिकला आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा दोन दिवसांच्या आत मुक्त करणारं हेच लष्कर दहा महिन्यांनी, १९६२ च्या चीन युद्धात, नामका चू नदीच्या काठी उभं होतं. सुती कपडे, थ्री-नॉट-थ्री रायफली, आणि मैदानातून थेट उंचावर नेलेली माणसं. फुप्फुसात पाणी भरून जवान गेले, गोळी न लागता. त्यानंतर आपल्याच लष्करी डॉक्टरांनी उंचीवरच्या अशा आजारांचा कसून अभ्यास केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांवरचं निरीक्षण १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलं, आणि ते आजही जगभर वाचलं जातं.

आज नियम असा आहे की शरीराला सवय व्हावी म्हणून ९,००० फुटांवर पोचल्यावर सहा दिवस थांबायचं, १२,००० च्या वर आणखी चार, १५,००० च्या वर आणखी चार. पहिले दोन दिवस जवळपास नुसता आराम, मग थोडं चालणं, मग हलकी चढण. चौदा दिवस जातात. लढाईची तयारी असलेला धडधाकट जवान चौदा दिवस थांबवून ठेवायचा हा शहाणपणा मला मोठा वाटतो.

उष्म्याचंही तसंच आहे, आणि ते आपल्या दारात आहे. बांबोळीच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये देशभरातून रंगरूट येतात. हिमाचलचा मुलगा मे महिन्यात इथे उतरला तर थर्मामीटर ३३-३४ दाखवतो, पण हवेत एवढा दमटपणा असतो की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पाणी पाजून हे दिवस कमी होत नाहीत.

म्हणून अग्निपथवर, म्हणजे अग्निवीर भरतीच्या योजनेवर, माझा आक्षेप पेन्शनच्याही आधी इथे आहे. पायदळाच्या जवानाचं जे ट्रेनिंग पूर्वी साधारण नऊ महिने चालायचं ते आता साधारण सहा महिन्यांचं. शस्त्र चालवणं सहा महिन्यांत शिकवता येत असेल, मी त्यातली जाणकार नाही. पण रस्त्यावर घाईघाईने धावून आलेलं अठरा वर्षांचं हाड लगेच पाठीवर वजन, पायात जड बूट घेऊन आणखी घाईत ढकलायचं, हे मला पटत नाही. शिवाय ट्रेनिंगमध्ये अपंगत्व आलेल्यांना आपण कसं वागवतो तेही बघा. एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि इतर लष्करी अकादम्यांतून जखमी होऊन घरी पाठवलेल्या कॅडेट्सना माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि त्यांना ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, वैद्यकीय सोय मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतल्यानंतर.

बुटांबद्दल लोक बोलतच नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालात होतं की नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात उंचावरच्या जवानांसाठी बूटच खरेदी झाले नाहीत, जुने दुरुस्त करून वापरावे लागले. बर्फात घालायच्या चष्म्यांचा तुटवडा, आणि खास रेशनऐवजी किमतीच्या हिशेबाने दिलेल्या पर्यायांमुळे कॅलरी ८२ टक्क्यांपर्यंत कमी पडल्या. हे आकडे जुने आहेत, आता सुधारणा झाली, असं लष्कराने सांगितलं, आणि त्यावर विश्वास ठेवायला मी तयार आहे. तरी सियाचिनवर बूट नसणं म्हणजे बोटं जाणं, हे खरेदीच्या फायलीवर सही करणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

चांगलंही घडतं आहे. डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था आणि आयआयटी दिल्लीने २०२४ मध्ये केलेली 'अभेद' बुलेटप्रूफ जॅकेटं ८.२ आणि ९.५ किलोची आहेत. तिथे वाचलेला प्रत्येक किलो गुडघ्याला आणि कंबरेला कळतो. पण मुलींसाठी वेगळं माप कुठे आहे? मे २०२५ मध्ये एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, मिलिटरी पोलिसात तर मुली आधीपासून आहेत. अनेक देशांच्या सैन्यांत मुलींना हाडाच्या चिरा मुलांपेक्षा जास्त होतात असं दिसलं आहे. त्यांचा बूट, त्यांच्या पाठीवरच्या बॅगेचा पट्टा, त्यांचं हिमोग्लोबिन, हे सगळं त्यांच्या शरीराप्रमाणे ठरवायला हवं.

मनाबद्दल वेगळं लिहीन. तूर्तास एवढंच की डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत (लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात) सैन्यासाठी टेलि-मानसचा, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सेवेचा, खास कक्ष सुरू आहे. घरात जवान असेल तर १४४१६ हा नंबर त्याला देऊन ठेवा.

आता आपल्या हातातलं. गोव्यात गावोगावी फुटबॉलचं मैदान आहे, पायाला रस्त्यापेक्षा कितीतरी मऊ. पण पहाटे तिथे दिवा नसतो, फाटकाला कुलूप असतं, म्हणून पोरं डांबरावर जातात. पंचायतीने पहाटे दोन तास फाटक उघडावं आणि एक दिवा लावावा. आरोग्य केंद्राने फॉर्म भरल्याच्या दिवसांतच हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी तपासून द्यावं, मेडिकलच्या आदल्या आठवड्यात नको. आणि पालकांनो, मुलगा बारावीला असतानाच त्याला धावायला लावा, आधी चालणं, मग हळू धावणं, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत. दोन महिन्यांत सिलेक्शनची हमी देणाऱ्या अकादमीची फी भरण्याआधी त्याला त्याच्या मापाचे बूट घेऊन द्या.

पुढच्या ग्रामसभेत मी मैदानाच्या दिव्याचा आणि कुलपाचा विषय लेखी देणार आहे. ज्यांच्या गावात पहाटे मैदान उघडतं त्यांनी चावी कोणाकडे असते आणि विजेचं बिल कोण भरतं ते कमेंटमध्ये लिहा, मला अर्जाला जोडायचं आहे.